चार्ज यादीत नसलेली बाब

सरकारी कचेरीत चार्ज देण्याघेण्याचा विधी फार गांभीर्याने पार पडतो. बदलून जाणारा आणि बदलून आलेला समोरासमोर बसतात आणि मधे एक कारकून फुलस्केप कागदावरची यादी वाचतो. लोखंडी कपाट एक (किल्ली नाही). लाकडी टेबल एक (एका पायाखाली वीट). खुर्ची हाताची एक. खुर्ची बिनहाताची दोन, पैकी एक पूर्वी हाताची. मोजणीचा टेप तीस मीटरचा एक, पैकी सत्तावीस मीटर शिल्लक. वीट डेडस्टॉकला नोंदलेली नसल्यामुळे तिच्यावर थोडी चर्चा होते. मग 'चार्ज दिला', 'चार्ज घेतला' अशा दोन सह्या होतात, चहा येतो, आणि एका अख्ख्या गावाचा पाणीपुरवठा या हातातून त्या हातात जातो.

गावाच्या पोटात किती पाइप आहेत, त्यांतले बिडाचे कुठवर आणि कुठून पुढे नवे, कोणत्या वळणावर सांधा कच्चा आहे, कोणता व्हॉल्व्ह फिरवला की कोणत्या पेठेत बोंब उठते, यांतली एकही बाब त्या यादीत नसते. कारण ती कपाटात नसतेच. ती मामांच्या डोक्यात असते, आणि मामांचं डोकं डेडस्टॉकला चढवता येत नाही.

हे मामा महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक नगरपालिकेत असतात. कागदावर त्यांचा हुद्दा व्हॉल्व्हमन. मुंबईत त्यांना चावीवाला म्हणतात. खाकी शर्ट, सायकल, आणि सायकलच्या दांडीला बांधलेली छातीभर उंचीची लोखंडी चावी, वरती आडवा दांडा असलेली. नगराध्यक्ष कोण आहे हे गावातल्या अर्ध्या लोकांना सांगता येत नाही, पण मामा कोणत्या बोळात शिरले हे अख्ख्या पेठेला सायकलच्या आवाजावरून कळतं आणि घराघरांतून हंडे-कळश्या बाहेर येतात. मुख्याधिकारी येतात आणि जातात, त्यांच्या नावाच्या पाट्या बदलून बदलून दारावरचा खिळासुद्धा सैल होतो. मामा मात्र चाकरीला लागले त्या पेठेतच अजून चाव्या फिरवत असतात.

त्यांना कामावर पाहायचं असेल तर रस्त्यात पाइप फुटलेला दिवस निवडावा. आमच्या चौकात असा एक सोहळा झाला. पहाटेपासून रस्त्यातून कारंजं उडत होतं. आठच्या सुमारास नवे कनिष्ठ अभियंता आले. हुशार मुलगा, हातात टॅबलेट, टॅबलेटवर उपग्रहावरून घेतलेला नकाशा, नकाशावर निळ्या रेघा आणि रेघांवर लाल ठिपके. लाल ठिपका म्हणजे व्हॉल्व्ह. साहेबांनी ठिपक्यावर उभं राहून "इथं" म्हटलं. जेसीबीने तिथे खोदलं. तिथे टेलिफोनची केबल निघाली, आणि ती तुटल्यावर बँकेतले लोकही बघायला बाहेर आले. मग दोन मीटर सरकून खोदलं. तिथे काहीच निघालं नाही, नुसता मुरूम.

एवढ्यात मामा आले. सायकल भिंतीला टेकवली, तंबाखू मळली, कारंज्याकडे एकदा पाहिलं. मग बंद पडलेल्या लाँड्रीच्या पायरीपासून चालायला लागले, सातव्या पावलाला थांबले आणि टाच दोनदा आपटली. "हितं." चार माणसांनी पहार लावली. डांबराचा एक थर निघाला, मग दुसरा, मग तिसरा, म्हणजे मागच्या तीन निवडणुका निघाल्या. आणि त्यांच्या खाली चेंबरचं लोखंडी झाकण. झाकण काढून चावी आत गेली, 'खट्' असा आवाज झाला, मामांनी अंग टाकून दांडा फिरवला, आणि कारंजं हळूहळू खाली बसलं. अभियंत्यांनी टॅबलेटवरचा लाल ठिपका बोटाने ओढून नव्या जागी आणला. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सायेब. तिथंबी एक हाय. त्यो मेलाय." ठिपका मेलेला असू शकतो याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

मामांच्या ज्ञानाची खरी गंमत त्यातल्या पत्त्यांत आहे. "टांगा स्टँडच्या चिंचेपासून देवळाकडं तोंड करून अकरा पावलं." टांगे गेले. चिंच रस्तारुंदीत गेली. देवळाने जीर्णोद्धारात तोंड फिरवलं नाही हे नशीब. आणि पावलं कोणाची? मामांची नव्हेत, मामांना ज्यांनी शिकवलं त्या वस्तादांची. वस्ताद सहा फुटांचे होते, म्हणून मामा अकराची तेरा करून चालतात. हे रूपांतर जगात कुठेही लिहिलेलं नाही. गावातली पडलेली टुरिंग टॉकीज, बुजवलेली विहीर, कुणाच्या तरी अंगणातली कधीच वाळून गेलेली बकुळ, हे सगळं आता फक्त व्हॉल्व्हच्या पत्त्यांपुरतं उभं आहे. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ताम्रपट शोधण्याआधी पाणीखात्यात जाऊन बसावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यात आणखी व्हॉल्व्हांचे स्वभाव. सहसा व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की बंद होतो. पण कधीकाळी कुठल्या तरी वेगळ्या कंपनीचा माल आला आणि एक उलट्या आट्यांचा व्हॉल्व्ह शनिवार पेठेच्या नळाला बसला. तो तसा फिरवला की उघडतो. दुसरा एक नऊ फेरेच फिरवायचा; दहावा दिला की वरच्या अंगाचा शिशाचा सांधा सुटतो. तिसरा पावसाळ्यात हलवायचाच नाही. चौथा हलवायला हरकत नाही, पण रविवारी नको, कारण रविवारी नगरसेवक घरी असतात.

ही विद्या मामांबरोबर सेवानिवृत्त होते. तोही कार्यक्रम पाहण्यासारखा असतो. शाल, श्रीफळ, सपत्नीक सत्कार, आणि भाषणं. "मामांची उणीव आम्हाला पदोपदी भासेल" असं प्रत्येक वक्ता म्हणतो, आणि सरकारी भाषणांत इतकं अचूक भाकीत दुसरं सापडणार नाही. कारण पुढच्याच आठवड्यात कंत्राटी पोरगा शनिवार पेठेचा व्हॉल्व्ह 'बंद' करतो, पेठेत मध्यरात्री नळांना धो धो पाणी येतं आणि उंच टाकी सकाळी कोरडी ठणठणीत. मग मामांच्या घरी फोन. मामा नातवाला शाळेत सोडून येतो म्हणतात. पाणीखातं वाट बघत बसतं.

असे दहा-बारा फोन झाले की मामांना मानधनावर परत घ्यावं असा प्रस्ताव निघतो. त्याची टिप्पणी मी डोळ्यांनी वाचलेली आहे. "उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर इसमास ठिकाणे माहीत आहेत. सदर ठिकाणे अन्य कोणासही माहीत नाहीत. सबब सदर इसमास मानधन तत्त्वावर घेणे आवश्यक आहे." फाइल लेखा विभागात गेली. तिथून शेरा आला: "कामाचे स्वरूप काय?" खात्याने उत्तर दिलं: "माहीत असणे." शेरा पुन्हा आला: "सदर बाब अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली आहे?" कोणत्याच नव्हती. अखेर मामांना बागकाम या शीर्षाखाली घेतलं. आजही आमच्या गावच्या पाण्याचं सगळं ज्ञान कागदोपत्री कण्हेरीला पाणी घालतं आहे.

याच्यावर उपाय म्हणून एकदा कार्यशाळा झाली. ज्ञान व्यवस्थापनाची. मोठ्या शहरातून सल्लागार आले. त्यांनी पडद्यावर हिमनगाचं चित्र दाखवलं: वरती दिसतं ते लिहिलेलं ज्ञान, पाण्याखाली दडलेलं ते न लिहिलेलं. मामा शेवटच्या रांगेत होते. चित्र बघून त्यांनी शेजारच्याला हळूच विचारलं, "पाण्याच्या खात्यात बर्फाचं काय काम?" मग सगळ्यांना तक्ते वाटले. व्हॉल्व्हचा प्रकार, व्यास, बसवल्याचं वर्ष, सद्यःस्थिती: चांगली, मध्यम, वाईट, यांपैकी योग्य तिथे खूण करा. मामांनी उलट्या आट्यांपासून सुरुवात केली, वस्तादांच्या पावलांवर आले, नऊ फेऱ्यांचं सांगितलं, रविवारचं सांगितलं. सल्लागारांनी अदबीने सगळं ऐकून घेतलं आणि 'मध्यम'वर खूण केली.

आता मामांनी तरी हे सगळं आधीच का लिहून ठेवलं नाही, असं सुशिक्षित माणसाला वाटतं. अहो, लिहून ठेवणं म्हणजे आपल्या हाताने आपली बदली मागणं! चतुर्थ श्रेणीच्या माणसाला बढती नाही, बंगला नाही, गाडी नाही. त्याच्यावाचून साहेबाचं अडतं, एवढाच त्याचा मान. तो मान वहीत उतरवून साहेबाच्या टेबलावर ठेवला, की दुसऱ्या दिवशी मामा जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसलेले दिसतील. तिथे तर काय, जन्मही दुसऱ्यांचे आणि मृत्यूही.

पण खरा दोष मामांचा नाही. माहिती नसणं हे कचेरीच्या सोयीचं असतं, ही यातली मुख्य गोष्ट आहे. समजा मंजूर नकाशात पाइप सरळ रेघेत गेला आहे. प्रत्यक्षात मधे काळा कातळ लागला आणि ठेकेदाराने शेजारच्या मऊ मुरुमातून वळसा मारला. बिल मात्र 'कठीण खडकातील खोदाई' या दराने निघालं, मोजमाप पुस्तकात चढलं, मंजूर झालं, पैसे गेले. आता पाइप नेमका कुठून गेलाय याचा खरा नकाशा काढायचा, तर त्याच कागदावर कातळ न फोडल्याचा पुरावाही काढावा लागेल. असा आत्मघातकी नकाशा कोण काढतो? म्हणून पाइप कागदावर सरळ आणि जमिनीत वाकडा असा सुखाने नांदतो. खोदणारा नवा माणूस दर वेळी कागदावर विश्वास ठेवून टेलिफोनची केबल तोडतो, इतकंच.

पुलाचंही तेच. पुलाला तडा गेलाय हे जोवर फक्त खालून म्हशी नेणाऱ्या गुराख्याला ठाऊक असतं, तोवर तो निसर्गाचा भाग असतो. तोच तडा नोंदवहीत लिहिला की तो कुणाचा तरी होतो. लिहिणाऱ्याला 'मग आपण काय कारवाई केली?' असं विचारता येतं. कारवाईला निधी लागतो, निधीला प्रस्ताव लागतो, प्रस्तावाला अंदाजपत्रक लागतं. त्यापेक्षा 'वाहतुकीस योग्य' असे दोन शब्द लिहायला काहीच लागत नाही. आपल्या कचेऱ्यांत देखभाल होत नाही असं लोक म्हणतात ते मला पटत नाही. अज्ञानाची देखभाल आपण पिढ्यान्‌पिढ्या, खंड न पडता, आणि विशेष म्हणजे निविदा न काढता करत आलो आहोत.

गाव लहान म्हणून असं चालतं असं समजू नका. मुंबईला १८६० साली विहारचं पाणी मिळालं, १८७९ मध्ये तुळशीचं, १८९२ मध्ये तानसाचं. आज शहराला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं आणि ते भागाभागांत वेळापत्रकाने सोडलं जातं, म्हणजे रोज कुणीतरी शेकडो चाव्या उघडत आणि मिटत असतं. जुन्या जलवाहिन्यांवर रस्ते, रस्त्यांवर इमारती, इमारतींवर मजले. गळती शोधायची एक पद्धत अजून अशी आहे की रात्री रहदारी ओसरली की माणूस रस्त्यावर लोखंडी सळई टेकवतो, तिच्या वरच्या टोकाला कान लावतो आणि खालून पाणी कुठे फुसफुसतंय ते ऐकतो. जवळून पाहण्यासारखं दृश्य आहे. कुत्री भुंकतात, पहाटेचा पाववाला सायकल हळू करून बघत जातो, आणि हा माणूस डोळे मिटून उभा. यंत्रंही आहेत, ती आवाज दाखवतातही. पण तो आवाज गळतीचा की शेजारच्या गटाराचा, हे ओळखायला कानच लागतो, आणि कानाला साठाव्या वर्षी निवृत्ती आहे.

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये पोरंबाळं घेऊन आपण सगळे कधी ना कधी गेलो आहोत. त्या बागेच्या पोटात ब्रिटिशकालीन जलाशय आहे आणि दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच भागाचं पाणी तिथून जातं. तो पाडून नवा बांधावा की डागडुजी करून ठेवावा, यावर अलीकडे मोठा वाद झाला. पाडावा म्हणणारे अहवाल होते, पाडू नये म्हणणारे नागरिक होते, आणि दोन्ही बाजू आपल्याला आतलं सगळं माहीत असल्यासारखं बोलत होत्या. शेवटी तज्ज्ञांची समिती जलाशयात उतरली आणि तिने आतून पाहिलं. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी आधी पत्रिकेवर सहा महिने वाद घालावा आणि मग एकाने "मुलगी बघूया का?" म्हणावं, तसं हे झालं. समितीतल्या अनेकांचं मत पडलं की पाडायची गरज नाही.

मुंबईतल्याच जे.जे. रुग्णालयाच्या आवारात २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका जुन्या इमारतीत पाणी झिरपत असल्याची तक्रार आली. शोधता शोधता खाली सुमारे २०० मीटरचं ब्रिटिशकालीन भुयार सापडलं. इमारत तेव्हा १३२ वर्षांची. एवढ्या वर्षांत त्या मजल्यांवरून किती लोक चालले असतील, किती वेळा रंगसफेदी झाली असेल, किती चार्ज दिले-घेतले गेले असतील! कुठल्याच यादीत भुयार एक (किल्ली नाही) अशी नोंद आली नाही. गळती झाली नसती तर ते अजून तसंच राहिलं असतं. आपल्याकडे अभिलेख विभागाचं अर्धं काम गळतीच करते.

पुण्यात २०१९ साली स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना असंच एक भुयार लागलं. पुणेकरांनी पाहण्याआधीच ते शनिवारवाड्यापर्यंत नेलं, काहींनी तर सिंहगडापर्यंत. जाणकारांनी येऊन सांगितलं की हे जुन्या पाणीव्यवस्थेतलं असावं. सगळ्यांचा विरस झाला. खजिना नाही, गुप्त वाट नाही, नुसतं पाणी.

पुण्यातलीच त्याहून जुनी गोष्ट मात्र मला फार आवडते. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं. जमिनीखालून दगडी नळ, आणि त्या नळावर ठरावीक अंतराने दगडी-विटांचे उच्छ्वास बांधले. हवा निघायला, आणि उतरून आत डोकवायला. पाणी पुढे काळा हौद, बाहुलीचा हौद, फडके हौद असं हौदाहौदांतून खेळत असे. त्या उच्छ्वासांतले काही आजही उभे आहेत, कुणाच्या दुकानाला टेकून, कुणाच्या पार्किंगच्या आड. नळ कुठून गेलाय हे विचारायला पेशव्यांच्या कुठल्याही मामाची गरज नाही, आणि दफ्तरातले रुमाल सोडून बसायचीही नाही. एका उच्छ्वासापासून दुसऱ्याकडे बघायचं. नकाशाच जमिनीवर बांधून ठेवलाय. सॉफ्टवेअर अद्ययावत करावं लागत नाही, पासवर्ड विसरत नाही, आणि बदली होऊन गेलेला कारकून तो घरी नेऊ शकत नाही.

रेल्वेवाल्यांनी हे धोरण उचललं म्हणून त्यांचं बरं चाललं आहे. रेल्वेची मोरी चार फुटांची असली तरी तिला नंबर असतो आणि तो तिच्याच अंगावर रंगवलेला असतो. रुळांवरून की-मॅन रोज आपला ठरलेला टापू पायी चालतो. खांद्यावर हातोडा, हातात पाना. कोणती खीळ उठते आणि कोणत्या वळणावर माती सुटते हे त्याच्याही डोक्यातच असतं, पण निदान तो कुठे उभा आहे हे तरी तो फोनवर सांगू शकतो. आमच्या नगरपालिकेत पाणी कुठे फुटलंय हे सांगायचं तर 'त्या ह्याच्या समोर' असंच सांगावं लागतं.

नुसते नकाशे असूनही भागत नाही, हे मुंबईच्या अंधेरीत दिसलं. तिथला गोखले पूल जुना झाला, २०१८ च्या जुलैत त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला, पुढे पूल पाडला आणि नवा बांधला. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची एक बाजू खुली झाली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की त्याला पूर्वी जोडलेला बर्फीवाला पूल आता खाली राहिला आहे. एक वर, एक खाली, मधे मीटरभराहून जास्त तफावत. रेल्वेच्या उंचीचे नियम बदललेले होते, म्हणून नवा पूल उंच झाला, हे कारण खरंच होतं. पण हे कारण एका टेबलावर होतं, दुसऱ्या पुलाचा नकाशा दुसऱ्या टेबलावर होता, आणि दोन टेबलांमध्ये चहावाला सोडून कोणाची ये-जा नव्हती. अखेर बर्फीवाला पुलाची बाजू जॅक लावून उचलली आणि जुलैत दोघांची गाठ घालून दिली. पूल उचलता येतो. टेबलं जवळ आणायचा जॅक अजून बाजारात आलेला नाही.

जुन्या पुलांच्या बाबतीत आपल्याकडे एक लाडकी कथा आहे आणि ती प्रत्येक तालुक्यात स्थानिक म्हणून सांगितली जाते. आमच्या नदीवरचा पूल बांधणाऱ्या इंग्रजी कंपनीचं लंडनहून पत्र आलं: 'आपल्या पुलाचं आयुष्य संपलं आहे, कृपया वापर थांबवावा.' पत्र कोणी पाहिलं? कोणाच्या तरी मेव्हण्याने, जो तेव्हा बांधकाम खात्यात होता. आवक नोंदवहीत ते सापडत नाही, पण म्हणून कोणाची श्रद्धा ढळत नाही. या कथेत मला इंग्रजांचं कौतुक दिसत नाही. आपल्या पुलाची फाइल सातासमुद्रापार का होईना, कोणीतरी जपून ठेवली असेल, एवढी आशा दिसते.

महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या आणि त्यांच्यातली माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झालेली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता. पुलाच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं की गाड्यांचे दिवे पुलावर जाताना दिसतात आणि पलीकडे निघत नाहीत. त्यांनी पुढच्या गाड्या थांबवल्या. त्या रात्री पुलाची खरी स्थिती ठाऊक असलेली माणसं ती होती. यावर मी विनोद करणार नाही.

त्यानंतर राज्यभर पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. आमच्या गावातल्या छोट्या पुलाचीही तपासणी झाली. अहवाल झाला, त्याच्या पाच प्रती झाल्या, एक प्रत संगणकात गेली. संगणक वरिष्ठ लिपिकांच्या टेबलावर होता. ते बदलून गेले तेव्हा यादीत 'संगणक एक, चालू' अशी नोंद झाली, पासवर्डची झाली नाही. पुढे तो संगणक 'निर्लेखित' झाला आणि पुलाचा अहवाल किलोच्या भावाने गेला. पुलाचं मात्र एक झालं: तपासणीच्या वेळी कोणीतरी खांबावर लाल रंगाने पुराची खूण आणि तारीख मारली होती, ती अजून आहे. पावसाळ्यात लोक तिच्याकडे बघून ठरवतात की आज पलीकडे जायचं की नाही.

पुण्यातल्या काही जुन्या इमारतींवर १२ जुलै १९६१ ची अशीच खूण दिसते, पानशेत फुटलं त्या दिवशीची. इथपर्यंत पाणी आलं होतं. आडवी रेघ आणि तारीख. पूररेषेच्या नकाशांवर आजवर जितके वाद झाले, तितके त्या रेघेवर एकदाही झाले नाहीत.

हे सगळं सरकारचं आहे असं म्हणून तुम्ही मासिक बाजूला ठेवाल, म्हणून आधीच सांगतो. तुमच्या सोसायटीचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, सांगा पाहू. बिल्डरने दिलेला प्लंबिंगचा नकाशा कुठे आहे? पहिल्या सेक्रेटरींकडे होता, ते मुलाकडे कॅनडाला गेले. ड्रेनेजचं चेंबर कोणत्या पेव्हर ब्लॉकखाली गेलं? बी विंगच्या तिसऱ्या मजल्याचं पाणी बंद केलं की ए विंगचं गीझर का बंद पडतं? हे फक्त त्या एका म्हाताऱ्या प्लंबरला ठाऊक आहे, ज्याच्याशी गेल्या महिन्यात खजिनदारांनी दीडशे रुपयांसाठी घासाघीस केली. व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावर एकदा बराच ऊहापोह झाला होता, पण तो गणपतीच्या शुभेच्छांखाली गेला.

तर माझी विनंती एवढीच. त्या प्लंबरला या रविवारी बोलवा, चहा पाजा, त्याचे दीडशे रुपये आधी द्या. त्याच्या मागे मागे हिंडा आणि तो जिथे टाच आपटेल तिथे ऑइलपेंटने भिंतीवर लिहून घ्या: काय आहे, किती फुटांवर, कोणत्या बाजूला फिरवायचं आणि किती फेरे. पावलांत लिहू नका, फुटांत लिहा. आणि पुढच्या दिवाळीला इमारत रंगवायला काढाल तेव्हा रंगाऱ्याला तेवढी भिंत सोडायला सांगा.